माय रडली नव्हती

(नांदेडला भरलेल्या तरुणांच्या पटकथा-शिबिरात केलेलं भाषण. बोललं तसंच छापलं आहे. मधली प्रश्नोत्तरं जागेअभावी गाळली.)



दोन दिवस तुम्ही इथं बसून पटकथा कशी लिहायची ते शिकताय. फळ्यावर अजून तीन चौकोन दिसतायत. पहिला अंक, दुसरा अंक, तिसरा अंक. एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. सीनच्या डोक्यावर आत की बाहेर, दिवस की रात्र. पंचविसाव्या-तिसाव्या पानाला गोष्टीनं वळण घ्यावं. हे सगळं शिका. यातलं काही टाकाऊ नाही. परक्याचं तंत्र आहे म्हणून मला नको, असं म्हणणारा शहाणा नव्हे. बाबासाहेब बॅरिस्टर लंडनला झाले आणि ती विद्या कुणासाठी वापरली, हे तुम्हाला सांगायला नको.

पण मला जे सांगायचंय ते या चौकोनांत बसत नाही. मी वीस-बावीस वर्षं मुंबईत मालिकांचे संवाद लिहिले. दिवसाला एक एपिसोड. बऱ्याच वेळा खाली नाव दुसऱ्याचं. सासू, सून, देवघर, मंगळसूत्र. ज्या घरात माझ्या मायला ओट्यावर बसू दिलं नसतं, त्या घरातल्या बायकांच्या तोंडी मी शुद्ध मराठी घातलं आणि पोट भरलं. तंत्र मला येतं. आणि तंत्र येत असताना मी माझी पहिली पटकथा कशी खोटी लिहिली, तेवढंच आज सांगणार आहे.

२७ जुलै १९७८. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला. पुढच्या काही दिवसांत मराठवाडा पेटला. आपला नांदेड जिल्हा सगळ्यात जास्त होरपळला. टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंना हालहाल करून मारलं. गावोगावच्या वस्त्या जळाल्या. मी तेव्हा सात वर्षांचा. आमचं गाव याच जिल्ह्यातलं. नाव सांगत नाही. चुलत्याची लेकरं अजून तिथं राहतात आणि त्यांना तिथंच राहायचंय.

सन २००० च्या सुमाराला मी त्या रात्रीवर पटकथा लिहिली. एकशे दहा पानं. नाव ठेवलं ‘आग’. शेवटाकडं मोठा सीन. वस्ती जळतेय. आमच्या खोपटासमोर माय उभी. केस सुटलेले, ऊर बडवून घेतेय, तिच्या तोंडावर जाळाचा तांबडा उजेड. ती गुडघ्यावर बसते. कॅमेरा हळूहळू वर जातो. मागं बाईचा टाहो. मी लिहिताना रडलो. मुंबईत एका पैसेवाल्याला वाचून दाखवलं, तोही रडला. म्हणाला, काय बाई उभी केलीस! मी खूश. गावाकडं गेलो आणि एका दुपारी मायला सगळी पटकथा वाचून दाखवली.

माय निरक्षर. पण ऐकायला बसली की पक्की. मधे एक शब्द बोलली नाही. जाळाचा सीन झाला तशी म्हणाली,

“ही बाई कोण हाय?”

“तूच की, माय.”

“मी कुटं रडले तवा?”

“मग काय केलंस?”

“दार काढलं.”

दोस्तांनो, माझ्या हातात एकशे दहा पानं होती आणि त्यात दार नव्हतं.

मग तिनं सांगितलं. आमच्या खोपटाला आधी तुराट्यांचा कूड होता. बहात्तरच्या दुष्काळात तिनं खडी फोडली. दुष्काळ सरला तरी पैशाला पैसा जोडत राहिली आणि चार वर्षांनी बाभळीचं दार करून घेतलं. वस्तीतलं पहिलं दार. त्या संध्याकाळी शेजारच्या गावातून एक पोरगं पळत आलं, म्हणालं, यायलेत. बाप गावात नव्हता. मायनं खुरपं घेतलं, बिजागऱ्या उचकटल्या, दार डोक्यावर घेतलं. धाकटी कडेला. आम्ही तिघं तिच्या लुगड्याला धरून. ओढ्याच्या पल्याड निवडुंगाच्या आडोशाला गेलो. पाऊस लागला. तिनं दोन दगडांवर दार आडवं टाकलं आणि आम्हा चौघांना खाली घातलं.

आणि मला ते आठवत होतं! इतकी वर्षं मला आठवत होतं, डोक्यावर लाकूड आहे, लाकडावर पाऊस वाजतोय, नाकात ओल्या लाकडाचा वास. मला वाटायचं, कुणाच्या तरी बैलगाडीखाली झोपलो असू. मी ते लिहिलं नाही. का, तर ते सिनेमातलं वाटलं नाही.

मी विचारलं, “माय, दार कशाला काढलंस? भांडी घ्यायचीस, जवारी घ्यायचीस.”

“भांडी कुनीबी दिली असती. माघारी यायचं हुतं ना बाबा. दार आसलं की घर हुतं.”

आणि मग थोडं थांबून म्हणाली, “तू लिवलीस ती बाई तितंच रडत बसली. मग तिची लेकरं कुनी नेली?”

पुढं पटकथेवरची पुस्तकं वाचली, मोठ्यामोठ्यांची व्याख्यानं ऐकली. माझ्या लिखाणावर याच्याहून मोठी टीका कुणी केली नाही. तिची लेकरं कुणी नेली? माझ्या त्या सीनमध्ये चार लेकरं होती. आधीच्या पानावर मीच त्यांना झोपवलं होतं. आई रडताना सुंदर दिसावी म्हणून मी ती लेकरं जाळात विसरलो. त्यातलं एक मी होतो.

आता विचारा, मी ती रडणारी बाई आणली कुठून? माझी माय समोर जिवंत असताना मला दुसरी बाई कुणी दिली?

सिनेमानं दिली. जरा मागं जाऊ.

१९३६. बॉम्बे टॉकीजचा ‘अछूत कन्या’. देविकाराणी आणि अशोककुमार. अस्पृश्य पोरगी आणि ब्राह्मणाचा पोरगा. पोरीचं नाव कस्तुरी. शेवटी ती रेल्वेखाली मरते. प्रेक्षकांचे डोळे भरून येतात, ते घरी जातात. १९८१, सत्यजित राय यांचा दूरदर्शनसाठी केलेला ‘सद्गती’. गोष्ट प्रेमचंदांची. दुखी उपाशीपोटी पंडिताचं लाकूड फोडतो, फोडता फोडता मरतो. त्याचं प्रेत पंडित दोरी लावून ओढत नेतो. मोठं काम आहे, मी टोपी काढतो. ओम पुरींच्या हातातली ती कुऱ्हाड आणि न फुटणारा तो ओंडका बघा, ते शिकण्यासारखं आहे. जात म्हणजे काय हे तो ओंडका सांगतो. पण हिशेब मांडा. कस्तुरी मरते. दुखी मरतो. पडद्यावर आपल्याला जागा मिळाली ती मरायला, नाहीतर रडायला. बघणाऱ्याची करुणा जागी व्हावी एवढंच आपलं काम.

मधे १९७४ चा ‘अंकुर’ येतो. श्याम बेनेगल. गाव हैदराबादकडचं. आपलं नांदेडही १९५६ पर्यंत त्याच हैदराबाद राज्यात होतं, त्यामुळं ती गढी, तो जमीनदार आपल्याला ओळखीचा. जमीनदाराचा पोरगा लक्ष्मीला वापरतो, तिच्या मुक्या नवऱ्याला चाबकानं फोडून काढतो. शेवटी एक लहान पोरगा येतो आणि जमीनदाराच्या खिडकीवर दगड मारतो. काच फुटते. पडदा लाल होतो. त्या दगडावर किती लेख लिहिले गेले! पण मला सांगा, त्या पोराचं नाव काय? त्याची माय कोण? सकाळी तो काय खाऊन निघाला होता? सिनेमा सांगत नाही. गोष्ट त्याची नव्हतीच. दगड लेखकाला पाहिजे होता, म्हणून हात कुणाचा तरी घेतला.

आता २०१३ चा ‘फँड्री’ घ्या. २०१४ च्या फेब्रुवारीत थेटरला लागला. जेऊरच्या नागराज मंजुळेनं लिहिला, त्यानंच केला. कैकाड्याचा जब्या. शेवट काय? पुन्हा दगड. पण चाळीस वर्षांत काय बदललं ते बघा. आता मारणाऱ्याला नाव आहे. त्याचं घर आपल्याला ठाऊक आहे, बाप ठाऊक आहे, शाळा ठाऊक आहे, त्याला कुठली पोरगी आवडते ते ठाऊक आहे. पाऊण-एक तास आपण त्याच्या मागं रानोमाळ हिंडलोय. आणि दगड जमीनदाराच्या खिडकीवर जात नाही, थेट कॅमेऱ्यावर येतो. म्हणजे तिकीट काढून खुर्चीत बसलेल्यावर. दगड तोच असेल. पण ज्याच्या हातात तो आहे त्याची गोष्ट असली की दगडाचं वजन वेगळं होतं. तुम्ही इथं पटकथा शिकताय ती एवढ्यासाठी.

आता तंत्रावर येतो. वही काढा.

पहिली गोष्ट. तुमच्या माणसाला काय पाहिजे, ते मुठीत मावेल एवढं ठेवा. आपली पोरं लिहितात, नायकाला समता पाहिजे. आम्हालाही पाहिजे! पण कॅमेऱ्याला समता दिसत नाही. जब्याला काय पाहिजे? काळी चिमणी. ती सापडली, जाळली, तिची राख शालूवर टाकली की शालू आपली, एवढंच त्याचं गणित. बार्शीच्या विनोद कांबळेचा ‘कस्तुरी’ घ्या. २०१९ चा उत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. त्यातल्या गोपीला काय पाहिजे? घरची कामं सफाईची, शवविच्छेदनाची. अंगाला वास चिकटतो, शाळेतली पोरं नाक दाबतात. त्याला कस्तुरी पाहिजे. एक वास पाहिजे. बस. १९३६ ला कस्तुरी हे मरणाऱ्या पोरीचं नाव होतं. २०१९ ला कस्तुरी ही आपल्या पोराची मागणी आहे. मधली ऐंशी वर्षं तुम्ही भरा.

दुसरी गोष्ट. माणूस आणि त्याची चिमणी यांच्यामध्ये जात उभी करा. तिला भाषण करायला लावू नका. मिशीवाला पाटील, हातात काठी, दारू पिऊन शिव्या, हे फार सोपं झालं. प्रेक्षक म्हणतो, हा पाटील वाईट, आमचा बरा. ‘फँड्री’तला तो सीन आठवा. सगळं घर डुक्कर धरायला लागलंय. डुक्कर आता हातात येणार, आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या थांबतो. बाप थांबतो. सगळे ताठ उभे. डुक्कर निघून जातं. त्या सीनमध्ये दुष्ट कोण आहे? कुणीच नाही. सगळे नियम पाळतायत. आणि तरी बघताना हसू येतं, मग हसल्याची लाज वाटते. पुढं मेलेलं डुक्कर बांबूला बांधून नेतात, ते शाळेच्या भिंतीवरून, भिंतीवर बाबासाहेबांचं चित्र. एक शब्द नाही. तिथं एखादा संवाद घातला असता तर सगळं मातीत गेलं असतं.

तिसरी गोष्ट. माणूस काय भोगतो ते लिहू नका, काय करतो ते लिहा. भोगलेलं आपोआप दिसतं. पटकथेत फक्त दोन गोष्टी लिहिता येतात, दिसणारं आणि ऐकू येणारं. ‘तिचं काळीज फाटलं’ हे कॅमेरामननं कसं घ्यावं? ‘ती खुरप्यानं बिजागरी उचकटते’ हे घेता येतं. आणि ते घेतलं की काळजाचं बघणारा बघून घेतो.

हे मी परदेशी पुस्तकातून सांगतोय असं समजू नका. लोहा तालुक्यात माळेगावची जत्रा भरते. मार्गशीर्षात, खंडोबाची. घोडे, गाढवं, उंट, आणि तमाशाचे फड. तुमच्यातले किती जण फडात रात्रभर बसलेत? हात वर करा. फारच थोडे. शहरात राहायला लागलो की आपल्यालाही तमाशाची लाज वाटायला लागते. गण, गौळण, बतावणी, मग वग. हजारो माणसं उघड्यावर बसलेली. तिकिटाचे पैसे गेले तर गेले, बिडी पेटवून उठायला कुणाची भीती नाही. त्यांना पहाटेपर्यंत धरून ठेवायचं म्हणजे काय ते त्या फडवाल्यांना विचारा. राजा हुकूम देतो, सोंगाड्या हुकूम पाळतो, पण असा पाळतो की राजा उघडा पडतो. याला संवादलेखन म्हणतात. आणि ही विद्या ज्यांनी सांभाळली ते महार, मांग, कोल्हाटी. त्यांना कुणी पटकथाकार म्हटलं नाही.

मग आपले जलसे. नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारखे किती तरी. गॅसबत्तीच्या उजेडात, बैलगाडीनं गावोगाव. मेलेलं ढोर ओढू नका, पोरं शाळेत घाला, दारू सोडा, हे भाषणानं सांगून कंटाळा आला असता. त्यांनी नवरा-बायकोचं भांडण उभं केलं, सावकार उभा केला, हसवलं आणि मग मारलं. तमाशाचा साचा घेतला, आतलं बदललं. अण्णा भाऊ साठ्यांनी तेच केलं. गणात गणपतीच्या जागी मायभू आणली, कष्टकरी आणले. शाळेत जेमतेम दिवस-दोन दिवस गेलेला हा माणूस. वाटेगावहून चालत मुंबईला आला. त्याच्या ‘वैजयंता’वर १९६१ ला आणि ‘फकिरा’वर १९६३ ला सिनेमे निघाले. ‘फकिरा’ कादंबरीची सुरुवात वाचा. फकिराचा बाप शेजारच्या गावाची जोगणी आणायला निघतो. जोगणी आली की जत्रा आपल्या गावाची. हातात धरता येईल अशी वस्तू, तिच्यासाठी जीव देणारा माणूस, आणि मागं उरलेला पोरगा. ज्या तीन चौकोनांसाठी तुम्ही दोन दिवस बसलात त्यातला पहिला चौकोन अण्णा भाऊंनी १९५९ लाच काढून ठेवलाय.

आता लातूरचं सांगतो आणि आवरतं घेतो.

मागं लातूरला असंच शिबिर होतं. मी पोरांना विचारलं, तुमच्या शहराची गोष्ट सांगा. सगळे म्हणाले, किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३. नाहीतर २०१६ चं पाणी. खरंच आहे. त्या मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाणीगाडी आली, दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर. कॅमेरे दिल्लीहून आले. त्याच महिन्याच्या २९ तारखेला ‘सैराट’ लागला. म्हणजे बघा, गल्लीत घागरींची रांग आणि थेटरापुढं पोरांची रांग, एकाच उन्हात.

मी म्हणलं, भूकंप राहू द्या, रेल्वे राहू द्या. त्याला कोट्यवधी रुपये लागतात. फुकटात काढता येईल असं लिहा. एका पोरानं लिहिलं. खेड्यातला बाप पोरीला घेऊन लातूरला येतो. पोरगी दहावीला पहिली आलेली, डॉक्टरकीच्या परीक्षेच्या क्लासला घालायची. खोली शोधतायत. एका घरावर पाटी, ‘खोली भाड्याने देणे आहे’. घरमालकीण विचारते, गाव कुठलं? मग विचारते, आडनाव काय? बाप सांगतो, कांबळे. आणि मग पोरानं लिहिलं होतं की घरमालकीण दोन पानं जातीवर बोलते, बाप दोन पानं संविधानावर बोलतो, आणि पोरगी रडत रडत म्हणते, मी डॉक्टर होऊन दाखवीन.

वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी विचारलं, असं घडतं का? तुमच्यापैकी कुणाला लातुरात खोली नाकारताना कुणी दोन पानं जातीवर बोललं का? पोरं गप्प. मागच्या बाकावरची एक पोरगी उठली. म्हणाली, “सर, बोलत नाहीत. गोड बोलतात. आमच्या वेळेस त्या बाई म्हणाल्या, बसा, उन्हातून आलात, पाणी आणते. आत जाता जाता दारातून विचारलं, आडनाव काय म्हणालात? पप्पांनी सांगितलं. मग त्या आतून म्हणाल्या, खोली कालच गेली हो. आणि पाणी आलंच नाही.”

वर्गात कुणी टाळी वाजवली नाही.

दोस्तांनो, पटकथा ती. पाणी आलंच नाही. कॅमेरा ओसरीवर ठेवा. बाप आणि पोरगी बाकावर बसलेली. आत भांडं वाजलेलं ऐकू येतं. आपण वाट बघतो. दहा सेकंद, वीस सेकंद. बाप पाटीकडं बघतो. मग पोरगी दप्तरातून आपली बाटली काढते, बापाला देते. उन्हानं तापलेलं पाणी. बाप पितो. उठतात. बाप आत बघून म्हणतो, “येतो ताई.” संपला सीन. एक पान. महाडच्या तळ्यापासून लातूरच्या ओसरीपर्यंतचं सगळं त्यात आलं आणि कुणी महाडचं नाव काढलं नाही. ज्या शहराला रेल्वेनं पाणी आलं त्याच शहरात एक ग्लास पाणी ओसरीपर्यंत येत नाही, हे सांगायला ना रेल्वे लागली ना भूकंप.

आणि ही गोष्ट त्या पोराला सुचली नाही, कारण तो सिनेमातून शिकत होता. तिला सुचली, कारण ती त्या बाकावर बसली होती. पण नुसतं बसलेलं असून भागत नाही, हेही लक्षात घ्या. मीही दाराखाली झोपलो होतो. आपल्याला काय आठवतं यावर आपलाच विश्वास बसत नाही, हे आपलं खरं दुखणं आहे. चुलीजवळचं, उकिरड्याजवळचं, आपल्याला ते गोष्टीसारखं वाटत नाही. मोठं काहीतरी पाहिजे असं वाटतं. जाळ पाहिजे, टाहो पाहिजे.

याच नांदेडात २५ नोव्हेंबर १९९३ ला गौतम वाघमारेनं नामांतरासाठी स्वतःला पेटवून घेतलं. पन्नास दिवसांनी, १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. तुमच्यातला कुणीतरी एक दिवस त्यावर सिनेमा लिहील. लिहा. लिहायलाच पाहिजे. पण ज्वाळेपासून सुरू करू नका. हुतात्म्याचा पुतळा करणं सोपं असतं, आणि पुतळ्याच्या गळ्यात हार घालायला मग त्याचे मारेकरीही येतात. ओळखणाऱ्यांच्या घरी जाऊन बसा. तो कुणाशी कसं बोलायचा, कशावर हसायचा, हातानं काय काम करायचा, ते विचारा. माणूस दिसला तर ज्वाळा दिसेल. नाहीतर नुसता जाळ दिसतो, आणि जाळाची प्रेक्षकांना सवय झालीय.

कामाचं एक सांगतो. आपल्या पोरांचं लिखाण फुकट जातं, म्हणून. पटकथा पुरी झाली की कुणाला वाचून दाखवायच्या आधी ती मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदवा. सभासद व्हा, थोडे पैसे भरा, नोंद करा. आता घरबसल्या होतं. करारावर नाव कुठं येणार ते वाचल्याशिवाय सही करू नका. माझ्या बापानं आयुष्यात दोनदा अंगठा दिला आणि दोन्ही वेळा जमीन गेली. मी सही करणारा निघालो, तरी मुंबईत माझं नाव गेलंच. तुमचं जाऊ देऊ नका.

आणि लिहून झालं की ज्याच्यावर लिहिलंय त्याला आधी वाचून दाखवा. समीक्षकाला नंतर. माय, आजी, वस्तीतला म्हातारा, कुणीही. वाचताना त्यांच्या तोंडाकडं बघा. ते म्हणाले, असं नव्हतं, तर वाद घालू नका. विचारा, मग काय केलंत? त्या वेळी हातात काय होतं? हे दोनच प्रश्न. बाकी सगळं त्यातून निघतं.

माझ्या पटकथेचं काय झालं? मी ती परत लिहिली. टाहो काढला, दार घातलं. त्या पैसेवाल्याला नेऊन दिली. तो म्हणाला, हे काय? बाई दार घेऊन पळते? लोक हसतील. ती रडणारी परत आण, उद्या करार करतो. माझं घरभाडं तीन महिन्यांचं थकलं होतं. आज सांगताना मोठेपणा वाटेल, पण तेव्हा मी दोन रात्री झोपलो नाही. रडणारी बाई परत लिहायला एक तास लागला असता. मी लिहिली नाही. सिनेमा निघाला नाही. मी मालिकांकडं गेलो, सासू-सुनांकडं. हे मी जिंकल्याची गोष्ट म्हणून सांगत नाही. पंधरा वर्षं मला वाटत होतं की मी मूर्खपणा केला.

माय २०१२ ला गेली. ‘फँड्री’ बघायला ती नव्हती. थेटरात तो शेवटचा दगड आला तेव्हा मी डोळे मिटले आणि मला दारावर वाजणारा पाऊस ऐकू आला. मी बाहेर आलो आणि ती पटकथा पुन्हा काढली. आता तिचं नाव ‘दार’. अजून कुणी घेतलेली नाही. घेतील न घेतील. तुमच्यातला कुणी कॅमेरा घेऊन आला तर त्याला फुकट देईन, अट एकच, दार खरं वापरायचं. ते अजून आहे. आता घराला लोखंडी दार बसलंय. बाभळीचं ते माळ्यावर ठेवलंय, खुरप्याचे वण त्याच्या कडेला दिसतात.

म्हणून उद्या, शिबिराच्या शेवटच्या दिवशी, कुणीही कागद आणू नका. आज रात्री घरी जा. जे लांबचे आहेत त्यांनी फोन करा. विचारा, आपल्या घरात पळताना, उठवलं जाताना, गाव सोडताना, दुष्काळात, पुरात, कुणी काय उचललं होतं. जातं असेल, फोटो असेल, शाळेचा दाखला असेल, कोंबडी असेल. उद्या सकाळी ती वस्तू घेऊन या, नसली तर तिचं नाव घेऊन या. आपण तिथून पहिलं पान लिहू.

जयभीम.